मोजणीचं चित्रपुस्तक, चिंचोके आणि तुराटीच्या पेंड्या : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये यवतमाळला गेले होते तेव्हा एक ते दहाचं चित्रपुस्तक घेतलं. सोबतच्या खोक्यात अंकांची कार्डं, लाकडी मणी आणि एक फासा. सगळं मिळून साडेतीनशे रुपये. विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, तोवर घरातल्या दोन लेकरांच्या हाताला काहीतरी असावं एवढाच विचार होता. लेक तेव्हा चार वर्षांची होती, जावेचा मुलगा सहाला टेकलेला. आमचं गाव राळेगाव तालुक्यात, शेती कापूस आणि तुरीची. आता मार्च लागला आहे.

पुस्तक आणलं तेव्हा लेक एक ते वीस घडाघडा म्हणायची. पाहुणे आले की सासरे तिला कौतुकाने म्हणायला लावायचे. मी डी.एड. केलेलं, नोकरी लागली नाही, पण म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं हे तिथे शिकले होते. तरी स्वतःच्या लेकीच्या बाबतीत मला वाटलं, हिला येतं. पाचच्या पानावर पाच बदकं होती. तिने एकेकावर बोट ठेवत बरोबर पाचपर्यंत मोजलं. मी विचारलं, "मग बदकं किती?" तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली. परत विचारलं, परत मोजलं. चौथ्यांदा विचारल्यावर रडवेली झाली. शेवटी जो आकडा येतो तोच सगळ्यांचा मिळून असतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. "किती" म्हटलं की म्हणून दाखवायचं, एवढाच तिचा समज.

सासूबाई बाजूला चिंच फोडत होत्या. त्यांनी चिंचोक्यांची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "मले तीन दे बरं." लेकीने मूठभर उचलून त्यांच्या हातावर ठेवले. ज्या पोरीला वीसपर्यंत म्हणता येतं, तिला तीन देता येत नव्हते. त्या दिवसापासून मी पुस्तक वापरायची पद्धतच बदलली. पान उघडायचं, चित्रातली मोजायची, आणि लगेच तेवढ्याच वस्तू खऱ्या आणून द्यायच्या. जोवर हातात येत नाही तोवर पान उलटायचं नाही. तीनच्या पानावर आम्ही जवळपास पंधरा दिवस होतो.

सासूबाईंचा स्वयंपाकघरातला धडा माझ्या कार्डांपेक्षा जास्त चालला. "जेवाले सहा जण हायेत, ताटं मांड." लेक चार ताटं मांडायची, मग आजोबा आणि काका उभेच. पुन्हा फडताळाकडे जायची, एक आणायची, पुन्हा जायची. माणसामागे एक ताट, ताटामागे एक वाटी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा झाला, तेव्हा लाकडी नंदी घेऊन दोघं घरोघर फिरली. बोजाऱ्याची, म्हणजे घरोघर मिळालेल्या पैशांची, नाणी ओसरीवर पसरून मोजायला बसली आणि तिथे भांडण. लेकीकडे सात नाणी, पुतण्याकडे चार, पण त्याच्यात एक दहाचं होतं. एक नाणं म्हणजे दहा कसं, हे चार वर्षांच्या लेकराला सांगता येत नाही. मीही सांगितलं नाही. पैशांवरून मोजणी शिकवायची घाई कोणी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटचा आकडा म्हणजेच सगळे मिळून किती, हे तिला कळलं तो दिवस मला लख्ख आठवतो. दिवाळीनंतरची वेचणी चालू होती, मी तिला शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसवलं होतं. फुटलेलं बोंड घेऊन ती कापसाच्या पाकळ्या वेगळ्या करत होती. एक ओढली, दोन ओढल्या, ओंजळीत ठेवल्या आणि हाक मारली, "आई, ह्याच्यात पाच हायेत वं!" दुसरं बोंड उचललं, ह्या खेपेला मोजलंच नाही, नुसतं पाहिलं. "ह्याच्यात चारच." कपाशीच्या बोंडाला बहुधा चार किंवा पाच पाकळ्या असतात, तीनच्याही सापडतात. संध्याकाळी ओटीत तीन ढीग होते: तीनवाले, चारवाले, पाचवाले. चारपर्यंतची संख्या डोळ्यांनीच ओळखायची, ही समज तिला पुस्तकाने नाही, बोंडाने दिली. पण जुळवायची सवय पुस्तकामुळे लागली होती, हेही खरं.

पुस्तकाबद्दल आता सरळ सांगते. एक ते सहाची पानं उत्तम आहेत. चित्रं मोठी, सुटी सुटी, एका पानावर एकच प्रकार. सातच्या पानावर स्ट्रॉबेरी आहेत, त्या आमच्या लेकरांनी कधी पाहिल्या नाहीत. संत्री काढली असती तर काय बिघडलं असतं? आठच्या पानावरची फुलपाखरं एकमेकांवर आली आहेत. दोघांचे पंख धरून पुतण्याने नऊ मोजली, आणि चूक त्याची नव्हती. मोजायच्या पानावर अर्धी झाकलेली वस्तू नकोच. अंक फक्त इंग्रजी, आणि आमच्या शाळेत पहिलीच्या पुस्तकात देवनागरी. मी प्रत्येक पानावर देवनागरी अंक लिहून चिठ्ठी चिकटवली. फाशाचे ठिपके गणपतीपर्यंतच पुसले गेले, मग नेलपॉलिशने काढले.

खोक्यात सापशिडीही होती. लहान लेकरांसाठी तिची एक अडचण लक्षात आली. दहानंतर अकरा वर चढतो आणि रांग उलटी वळते. लेक दरवेळी उलट दिशेने जायची. म्हणून ओट्यावर चुन्याने सरळ दहा घरं आखली, डावीकडून उजवीकडे. चार चिंचोके फोडून अर्धे केले, पांढरी बाजू जितकी वर तितकी घरं पुढे. नियम एकच: सोंगटी सरकवताना घरातला आकडा मोठ्याने म्हणायचा. चारवर असशील आणि दोन पडले तर "एक, दोन" नाही, "पाच, सहा". नंतर वाचनात आलं की सीगलर आणि रमाणी या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २००८ मध्ये असाच सरळ रेषेतला अंकांचा खेळ लहान मुलांना खेळायला देऊन त्यांची संख्यांची समज वाढते हे दाखवलं होतं. मला मात्र ते आमच्या ओट्यावरच दिसलं होतं.

दहाच्या पुढची गोष्ट पुतण्याची. मराठीत आकड्यांची नावं लेकरांना फार छळतात. सत्तेचाळीस म्हणताना सात आधी, लिहिताना चार आधी. तो बिनचूक ऐकायचा आणि ७४ लिहायचा. एकोणतीस ऐकलं की तीस ऐकू येतं, म्हणून ३९. एकोण म्हणजे एक उणे, हे आपण त्यांना सांगतच नाही. आणि सांगितलं तरी नव्व्याण्णवला हा नियम पाळला जात नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात नेहमीच्या नावांसोबत "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं, तेव्हा केवढी टीका झाली. गणितज्ञ मंगला नारळीकर ते पुस्तक करणाऱ्या समितीच्या अध्यक्ष होत्या. मलाही तेव्हा ते खटकलं होतं. पुतण्याचं रडणं पाहून मत बदललं.

पुस्तकात दहाच्या पुढे काही नाही, म्हणून चुलीजवळच्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, कामी आल्या. बोटभर लांबीचे तुकडे, दहा झाले की सुतळीने पेंडी बांधायची. कडब्याची पेंडी त्याने जन्मापासून पाहिलेली, त्यामुळे दहाची पेंडी म्हणजे एक, हे सांगावं लागलं नाही. सत्तेचाळीस म्हणजे चार पेंड्या आणि सात सुट्या. आधी तो "चार पेंड्या, सात" म्हणतो, मग "सत्तेचाळीस". ७४ लिहिणं जानेवारीत थांबलं. एकोणतीसला तो तीन पेंड्या घेतो आणि एकीतून एक काडी ओढून काढतो.

एक काळजीची गोष्ट. धाकटी जाऊ आली होती, तिच्या दोन वर्षांच्या मुलाने तुरीचा दाणा नाकात घातला. दवाखान्यात नेऊन काढावा लागला. तीन वर्षांच्या आतलं लेकरू घरात असेल तर बारीक दाणे, मणी काहीही खाली ठेवू नका. त्याच्यासाठी वांगी, कांदे, वाट्या. आणि रानातली गुंज दिसायला कितीही सुंदर असली तरी मोजायला आणू नका, एरंडीचं बीही नको. दोन्ही विषारी आहेत. गुंजेची माळ मी लहानपणी घरात खेळायला पाहिली आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

घ्यावं का, तर घ्या, पण सोबत वाटीभर चिंचोके ठेवा. नुसतं पुस्तक दोन आठवड्यांत पाठ होतं.

गेल्या आठवड्यात लेकीने पुस्तक आणून विचारलं, "आई, एकच्या आधीचं पान कुठं आहे?" ताटात भाकरी संपली की आजी म्हणते "शून्य राहिली", ते तिच्या डोक्यात होतं. पुस्तकात शून्य नाही. आम्ही वहीचा कागद कापला, तिने त्यावर रिकामी टोपली काढली, मी खाली ० लिहिलं आणि पिठाची खळ करून पहिल्या पानाच्या आधी चिकटवलं. खळ जरा जास्त झाली, बदकांची पानंही थोडी चिकटली आहेत.