क्रेप करायचे तर मैद्याचे की कुट्टूचे?

घरी क्रेप, म्हणजे फ्रेंच पातळ धिरडी, करायचे ठरवलंत की सामान आणायला निघायच्या आधी एवढंच बघा, गोड खायचेत की तिखट. कारण हे जिथले आहेत त्या फ्रान्सच्या ब्रिटनी भागात ही दोन सरळसरळ वेगळी पिठं आहेत. गोडाला गव्हाचं, म्हणजे आपला मैदा, आणि चीज-अंड्याच्या तिखटमिठाच्या प्रकाराला कुट्टूचं, म्हणजे बकव्हीटचं. कुट्टूवाल्याला ब्रिटनीच्या पूर्वेकडे, रेन शहराच्या बाजूला, गालेत म्हणतात, पश्चिमेकडे त्यालाही क्रेपच म्हणतात, त्यामुळे नावावरून कोणाशी वाद घालायला जाऊ नका. मी पहिल्यांदा दोन्ही खाल्ले ते पॅरिसला, मॉंपार्नास स्टेशनच्या मागच्या गल्लीत. ब्रिटनीच्या गाड्या त्याच स्टेशनात येतात, म्हणून तिकडचे लोक उतरले ते तिथेच आजूबाजूला दुकानं टाकून बसले असं आहे. नंतर घरी दोन्ही इतक्या वेळा करून झालेत की आता मैत्रिणी विचारतात यातलं कुठलं करू, म्हणून एकदाच लिहून टाकते.

मैद्याचं सोपं आहे, यात शंकाच नाही. २५० ग्रॅम मैदा, ३ अंडी, अर्धा लिटर दूध, चिमूटभर मीठ, दोन चमचे वितळवलेलं बटर. आधी अंडी आणि थोडं दूध घालून घट्टसर फेटायचं आणि मग बाकीचं दूध हळूहळू, म्हणजे गुठळ्या होत नाहीत, झाल्याच तर मिक्सरमधून एकदा फिरवा, कोणी बघायला येत नाही. मग अर्धा-पाऊण तास झाकून ठेवायचं. ही पायरी मी सुरुवातीला टाळायचे आणि मग क्रेप रबरासारखे का झाले म्हणून मैद्याला नावं ठेवायचे. फेटल्यावर मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे पिठाला धरून ठेवणारं चिवट प्रथिन, ताणलेलं असतं, जरा वेळ दिला की सैल पडतं आणि पीठही दूध नीट पितं, एवढीच त्यातली मेख. २४ सेंटीमीटरच्या पॅनवर चौदा-पंधरा होतात. अंडं खात नसाल तर दोन चमचे कॉर्नफ्लोर घालून दुधातच भिजवा, चालतं, पण कडा जरा ठिसूळ होतात आणि घडी जपून घालावी लागते.

कुट्टूचं प्रकरण वेगळं. आपल्याकडे उपासाला वरी आणि राजगिरा, कुट्टू उत्तरेकडच्या लोकांचा, त्यामुळे नवरात्रात सगळीकडे दिसतो आणि एरवी शोधावा लागतो. आणि हे पीठ जुनं झालं की खवट होतं. मी एकदा असंच ऐन मे महिन्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलं, भिजवेपर्यंत कळलं नाही, तव्यावर पडल्यावर जो वास सुटला तो खिडक्या उघडून घालवावा लागला. पाकिटावरची तारीख बघा आणि घरी आल्यावर चिमूटभर जिभेवर टाकून बघा. गंमत म्हणजे नावाला फ्रेंचमध्ये याला काळा गहू म्हणतात पण गव्हाशी याचं काही नातं नाही, हा आपल्या आंबट चुक्याच्या कुळातला. त्यामुळे ग्लुटेन नाही, ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांच्यासाठी तर निवडीचा प्रश्नच मिटला (फक्त पाकिटावर गव्हाची भेसळ नाही ना ते वाचा). पण ग्लुटेन नाही म्हणजे धरून ठेवणारं काही नाही, उलटताना मधूनच फाटतं. २५० ग्रॅम पीठ, चमचाभर मीठ, साधारण साडेपाचशे मिली पाणी आणि एक अंडं, दूध नाही. आधी निम्म्या पाण्यात हाताने चांगलं फेसायचं, मग पातळ करायचं, आणि दोन तास तरी फ्रीजमध्ये, रात्रभर ठेवलंत तर अजून छान. पहिल्यांदाच करत असाल आणि गहू चालत असेल तर चौथा भाग मैदा मिसळा, हात बसेपर्यंत त्यात लाज काही नाही.

आता खरा फरक तव्यावर कळतो. मैद्याच्या क्रेपला तवा फिरतो आणि कुट्टूला हात फिरतो. म्हणजे मैद्याचं पीठ पळीभर मधोमध ओतायचं आणि लगेच पॅन उचलून मनगटाने गोल फिरवायचा, पीठ आपोआप कडेपर्यंत जातं. त्याला हलका नॉनस्टिकच हवा. आमच्या सासूबाई मालवणकडच्या, घावनात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, त्या पहिल्या दिवशी बिडाचा तवा घेऊनच उभ्या राहिल्या आणि सवयीप्रमाणे पीठ कडेने आत ओतत गेल्या. तांदळाचं पातळ पीठ तसं ओतलं की चर्रकन जाळी पडते, पण मैद्याचं जिथे पडलं तिथेच धरलं, मध्ये भोकं राहिली, बुजवायला गेल्या तर ठिगळं. "अगं, हे पीठ धावतच नाही," म्हणाल्या, आणि तो जड तवा उचलून फिरवायचा तर दोन हात लागतात. वर सवयीने झाकणही ठेवलं, वाफेने क्रेपचा मऊ गोळाच झाला. झाकण अजिबात नको. तोच बिडाचा तवा कुट्टूला मात्र एक नंबर. तिकडे चाळीसेक सेंटीमीटरच्या बिडाच्या सपाट तव्यावर इंग्रजी टी सारख्या लाकडी काडीने पीठ पसरवतात, आपल्याकडे वाटीचा बुडखा आहेच, डोशासारखं फिरवा. तवा चांगला तापलेला हवा, नॉनस्टिक तेवढा तापवू नये आणि मग ती तपकिरी जाळीदार कड येत नाही. दोन्हीत पहिला क्रेप बिघडणार आहे हे धरूनच चाला, तव्याचा ताव आणि तुपाचा अंदाज तोपर्यंत येतो, तो करणाऱ्याने उभ्याउभ्या खायचा.

वरून काय घालायचं तर गोडाला माझं मत एकच, बटर आणि साखर, फार तर लिंबू पिळा. चॉकलेट स्प्रेड मुलांना हवंच असतं, द्या, पण मग क्रेपची चव कशाला शोधताय. आणि बटर आपलं नेहमीचं खारं पिवळंच वापरा, बिनमिठाचं शोधत फिरू नका. ब्रिटनीचं बटरही खारंच असतं, राजेशाहीच्या काळात फ्रान्सच्या बऱ्याच भागात मिठावर जबर कर होता आणि ब्रिटनीला तो माफ होता, तेव्हापासून त्यांच्या लोण्यात मीठ. फक्त तव्याला लावायला साजूक तूप घ्या, बटर लगेच करपतं. तिखटात हॅम, चीज आणि अंडं हा तिकडचा ठरलेला मेळ, गालेत तव्यावर असतानाच मधे अंडं फोडायचं, चार कडा आत दुमडून चौकोन करायचा आणि बलक मधून डोकावला पाहिजे. आम्ही हॅमच्या जागी लसूण घालून परतलेले मश्रूम आणि पालक घालतो. पाणी पूर्ण आटलेलं हवं. चीज किसून, स्लाइस टाकलात तर ती चिकट चादर होते नुसती.

मैद्याच्यात हेच तिखट सारण घातलं तर? चालतं की, साखर न घातलेलं एकच पीठ दोन्हीला वापरता येतं आणि पाहुणे असतील तेव्हा मीही तेच करते, पण पालक-चीज त्यात मिळमिळीत लागतं. कुट्टूला स्वतःची खरपूस, किंचित कडसर चव आहे, ती चीजला उभं करते. उलट कुट्टूवर साखर मला अजिबात आवडली नाही.

मग घावनच का नको, असं घरचे विचारतीलच. घावन गरम रसाबरोबर खायचं, गौरीला घाटल्याबरोबर, ते पातळ काहीतरी पिऊन घेण्यासाठीच आहे, चीज-अंड्याची घडी त्याला पेलत नाही. गूळ-खोबऱ्याचं सारण भरून खायचंच असेल तर गोव्यात अळेबेळे करतात, ते मैद्याच्या क्रेपचंच भावंडं, आणि माझ्याकडे चॉकलेटपेक्षा तेच आधी संपतात.

तर पहिल्यांदाच करताय, घरात लहान मुलं आहेत, तासाभरात ताटात हवंय, तर मैदा. डोशाला हात बसलेला आहे, ताजं पीठ मिळालंय आणि रात्रीचं जेवण म्हणूनच करायचंय, तर कुट्टू, एकेकाला दोन पुरतात. २ फेब्रुवारीला फ्रान्समध्ये घरोघरी क्रेप करतात, एका हातात नाणं धरून दुसऱ्या हाताने पॅनमधला क्रेप हवेत उलटला की वर्षभर पैसा टिकतो म्हणतात. तो खेळ मैद्याच्याच क्रेपवर करा, कुट्टूचा उडवलात तर दोन ठिकाणी पडेल.

उरलेलं मैद्याचं पीठ झाकून फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतं. कुट्टूच्यावर सकाळी पाणी तरंगतं, ढवळून घ्यायचं. आमच्याकडे त्या उरलेल्यात सासूबाईंनी कांदा, मिरची, कोथिंबीर घालून धिरडी केली, बिडाच्या तव्यावर, वर झाकण ठेवून.