दिवा नको म्हणून घेतलं, आता खानावळ चालवतोय: चिली कोरल, अकरा महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरात घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी चिली कोरल, म्हणजे एक लाल मऊ पोवळं, घेतलं तेव्हा माझा हिशेब सरळ होता. बहुतेक रीफ टाक्यांतल्या (पोवळी पाळायच्या टाक्यांतल्या) कोरलना महागडे एलईडी लागतात, कारण त्यांच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवालं उजेडावर अन्न तयार करतात आणि त्यातलं बरंचसं भाडं म्हणून घरमालकाला देतात. चिलीकडे असा भाडेकरूच नाही. म्हणजे दिव्याचा खर्च नाही, दिव्याची उष्णता नाही, आणि गोव्यातल्या फोंड्याच्या एप्रिल-मेमध्ये पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरवरचा भारही कमी. भाडं येत नसेल तर मालक जेवणार काय, एवढंच तेव्हा डोक्यात आलं नाही. ते आता मी पुरवतो. रोज.

खरं तर आधी डोळा सन कोरलवर होता. पिवळ्याजर्द पाकळ्यांचं, हातात काडी घेऊन एकेका तोंडाला भरवता येईल असं. पण ते दगडी पोवळं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सगळी दगडी पोवळी पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. समुद्रपंखे आणि काळी पोवळीही तिथेच. ‘मिळवून देतो’ म्हणणारे भेटतात. मी नको म्हटलं आणि मऊ पोवळ्यांकडे वळलो, तीही बिल आणि आयातीचे कागद बघून.

टाकी ३ फुटी, साधारण १९० लिटरची. तापमान २५ अंश, खारटपणा हजारी ३५. चिली कपारीच्या छताला उलटं लावलंय, वटवाघळासारखं. सरळ दगडावर ठेवलं होतं तेव्हा तीन आठवड्यांत अंगावर तपकिरी शैवाल बसलं आणि पॉलिप (त्याची फुलासारखी तोंडं) उघडेनात. छताला अंधार मिळतो, कचरा अंगावर साचत नाही. दिवसा ते मिटलेल्या लाल मिरचीसारखं दिसतं (नाव उगाच नाही पडलं), पाहुण्यांना दाखवायला काहीच नसतं. रात्री दहानंतर टॉर्चवर लाल कागद लावून बघा. प्रत्येक मिरचीवर आठ-आठ बोटांची पांढरी फुलं.

या फुलांना खायला काय घालायचं यात माझे पहिले चार महिने गेले. आर्टेमिया या इवल्या खाऱ्या कोळंबीची ताजी पिल्लं, रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव, आणि बांगड्याची गाबोळी धुऊन मलमलीतून गाळलेली. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) पाणी चार थेंब आधी टाकलं की वास लागून पंधरा मिनिटांत उघडतात, मग पंप मंद करून पिपेटने खाणं सोडायचं. सुरुवातीला अकरा वाजेपर्यंत जागावं लागे. आता साडेसातलाच उघडून बसतं. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, म्हणून गाबोळी मेमध्येच घेऊन छोट्या पुड्यांत गोठवली. श्रावणात घर शिवराक, म्हणजे शाकाहारी. फ्रीजमध्ये माझा डबा दिसल्यावर आईने विचारलं, “तू खात नाहीस, मग हे कोणाचं?” खरं उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी डबा ओट्यावर, पाण्यात. तेव्हापासून माझा वेगळा छोटा फ्रीज आहे. वाचलेल्या दिव्याचे पैसे त्यात गेले.

शिवराकावरून आठवलं. जानेवारीत लोभाने डेंड्रोनेफ्थिया आणलं, तेच ते कार्नेशन कोरल. काचेच्या नळीत गुलाबी काटे भरल्यासारखं अंग. त्यालाही मी रोटिफरच घालत होतो, आणि ते रोज थोडं थोडं बारीक होत होतं. मग कळलं की लाल समुद्रातल्या डेंड्रोनेफ्थियावरचं एक संशोधन १९९५ साली ‘सायन्स’मध्ये आलं होतं: हे पोवळं मुख्यतः वनस्पतीप्लवकावर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांवर, जगतं. मी शिवराक माणसाला महिनाभर नुस्त्याचं (मासळीचं) ताट वाढत होतो. घाईने गच्चीत नॅनोक्लोरोप्सिस या सूक्ष्म शैवालाच्या हिरव्या बाटल्या लावल्या, पण रोटिफरचाच चमचा त्यात बुडवला. चार दिवसांत बाटल्या पांढऱ्या, रोटिफरांनी सगळं चापलं. कार्नेशन सातव्या आठवड्यात गेलं. आता पुढ्यात फुकट ठेवलं तरी घेणार नाही, कारण त्याला दिवसाकाठी दोन वेळचं जेवण पुरत नाही. समुद्रात प्रवाह सतत आणून देतो तसं चोवीस तास थेंब थेंब लागतं.

एवढं खाणं पडलं की पाणी बिघडणारच. दोन महिन्यांत नायट्रेट (खाण्याच्या कचऱ्यातून साठणारं) ५ वरून ४० वर गेलं. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) मोठा घेतला, दर आठवड्याला ४० लिटर पाणी बदलतो, त्यासाठी दीड किलो मीठ. “समुद्र तासाभरावर असताना मीठ विकत?” असं मेहुणा दर भेटीत विचारतो. पावसाळ्यात मांडवी आणि जुवारीचं गोडं, गढूळ पाणी किनाऱ्यालगत पसरतं तेव्हा मिरामारचं कॅन भरून आणायला मी त्यालाच सांगितलं. खारटपणा मोजून दाखवला, तेव्हा थांबला. काही जण जिवाणूंना कार्बन मिळावा म्हणून टाकीत व्होडका टाकतात, त्याने नायट्रेट उतरतं. मीही टाकतो, मिलीलिटरमध्ये. फेणी का नाही, हा प्रश्न मला आत्तापर्यंत सहा जणांनी विचारला आहे. वासासकट काय काय उतरेल ते ठाऊक नाही म्हणून.

जूनमधली एक रात्र मात्र अजून अंगावर येते. साडेदहाला खाणं घातलं, अकराला वादळात लाइट गेली. खाण्याने भरलेलं, थांबलेलं पाणी प्राणवायू झपाट्याने संपवतं. पहाटे तीनला मासे पृष्ठभागावर तोंड उघडझाप करत होते. बादलीने पाणी उचलून उंचावरून ओतत बसलो, पाचपर्यंत. एक क्लाउनफिश गेला, चिलीला दोन दिवस फुलंच आली नाहीत. आता बॅटरीवरचा एअर पंप कायम जोडलेला आहे, आणि ढग गडगडले की खाणं रद्द. एक रात्र उपाशी राहिलं तर चिलीचं काही बिघडत नाही. या बाबतीत ते कार्नेशनपेक्षा कितीतरी समजूतदार.

डोसिंग पंपाबद्दल, म्हणजे आपोआप थोडं थोडं खाणं सोडणाऱ्या पंपाबद्दल, विचाराल तर उपयोगी, पण पूर्ण भरवसा नको. खाण्याची बाटली बाहेर ठेवली तर आमच्या हवेत दुपारपर्यंत आंबते, म्हणून फ्रीजला भोक पाडून नळी काढावी लागली. बाहेरच्या नळीत जेवढं राहतं तेवढं आंबतंच. दर रविवारी ती गरम पाण्याने धुतो.

चवथीला पेडण्याच्या मूळ घरी पाच दिवस असतो. यंदा पंपावर सोडून गेलो आणि तिसऱ्या रात्री आरती संपल्यावर गाडी काढून फोंड्याला आलो. नळी तुंबली होती. धुतली, पिपेटने भरवलं, फुलं मिटेपर्यंत बसलो आणि उजाडायच्या आत परत पोचलो. आईने न विचारता चहा दिला.