विल यू लव्ह मी टुमॉरो: शिरेल्स, कॅरोल किंग की आणखी कुणी?

'विल यू लव्ह मी टुमॉरो' हे इंग्रजी गाणं गायला घ्यायचं असेल, किंवा पहिल्यांदाच नीट ऐकायचं असेल, तर पहिली अडचण येते ती व्हर्जन्सची. ती ढिगाने आहेत. शब्द तेच, चाल तीच. बदलते ती लय. आणि लय बदलली की प्रश्न विचारणाऱ्या मुलीचं वयच बदलतं. माझं मत आधीच सांगून टाकते: ऐकायला सुरुवात शिरेल्स या मुलींच्या गटाच्या १९६० च्या रेकॉर्डिंगपासून करा, शिकायला चाल रचणाऱ्या कॅरोल किंगचं १९७१ चं घ्या, आणि बाकीची सगळी या दोन व्हर्जन्सशी ताडून बघा.

गाण्यात घडतं ते एवढंच. रात्र आहे, तो जवळ आहे, त्याच्या डोळ्यांत प्रेम दिसतंय, आणि ती विचारते की उद्याही हे असंच राहील का. १९६० च्या अमेरिकेत, पोराटोरांच्या रेडिओवर, हे धाडसाचं बोलणं होतं. गर्भनिरोधक गोळीला तिथे मान्यता मिळाली तीही त्याच वर्षी. लग्नाआधीच्या रात्रीबद्दल मुलीने स्वतः बोलायचं, तेही रडगाणं न गाता, हे काही रेडिओ स्टेशनांना झेपलं नाही. त्यांनी ते वाजवायचंच नाकारलं.

चाल कॅरोल किंगची. ती तेव्हा १८ वर्षांची होती आणि घरात तान्ही मुलगी होती. शब्द लिहिले तिचा नवरा जेरी गॉफिन याने. तो २१ वर्षांचा, दिवसा केमिकल लॅबमध्ये नोकरी करणारा. चाल टेपवर ठेवून ती माह-जोंग खेळायला गेली आणि त्याने घरी आल्यावर शब्द बसवले, अशी हकीकत आहे. एका मुलीच्या पोटातली धाकधूक विशीतल्या पोराने इतकी अचूक पकडावी, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

शिरेल्स म्हणजे न्यू जर्सीमधल्या पसेइक गावच्या चार शाळकरी मैत्रिणी. मुख्य आवाज शर्ली ओवेन्सचा. तिला हे गाणं सुरुवातीला रुचलं नव्हतं. फारच कंट्री वळणाचं वाटलं. मग निर्माता ल्यूथर डिक्सनच्या हाताखाली त्याला ठेका आला, किंगने स्वतः तंतुवाद्यांची मांडणी लिहिली, आणि जानेवारी १९६१ मध्ये ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. कृष्णवर्णीय मुलींच्या गटाला हा मान तिथे पहिल्यांदाच मिळाला.

हे रेकॉर्डिंग पावणेतीन मिनिटांच्या आत संपतं. ठेका नाचायचा आहे, मागे तिघी निरर्थक अक्षरांचा कोरस धरून आहेत, व्हायोलिन-चेलो भरून वाहतायत, आणि या सगळ्याच्या मधोमध शर्लीचा साधा, न घोटवलेला आवाज. ती कुठेच भाव ओतत नाही. सूर लावते, सोडते, पुढे जाते. म्हणूनच भीती खरी वाटते. नाच चालू आहे, उत्तर मिळेपर्यंत थांबायला वेळ नाही, तोवर गाणं पुढच्या कडव्यावर गेलेलंही असतं. अनेकांना हा आवाज कच्चा वाटतो. मला तो १९ वर्षांच्या मुलीचा वाटतो, आणि ती त्या वेळी तेवढीच होती.

एक जागा मात्र थांबून ऐकाच. कडव्याची तिसरी ओळ, डोळ्यांतल्या प्रेमाच्या उजेडाची. तोवर सगळे कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूर) सरळ, ओळखीचे: सी, एफ, जी. तिसऱ्या ओळीला अचानक ई मेजर येतो आणि तिथून ए मायनरवर उतरतो. हार्मोनियमवर सफेद एकचा सा धरलात तर कळेल, त्या कॉर्डमध्ये कोमल धैवत डोकावतो, जो या चालीच्या घरचा नाही. शब्दांत शंका येते ती पुढच्या ओळीला. कॉर्डमध्ये ती एक ओळ आधीच आलेली असते. १८ व्या वर्षी हे सुचणं, यापुढे मला तरी बोलता येत नाही.

आता किंगचं स्वतःचं. 'टॅपेस्ट्री' हा अल्बम फेब्रुवारी १९७१ मध्ये आला, निर्माता ल्यू ॲडलर. मधल्या काळात गॉफिनशी घटस्फोट झालेला, दोन मुली पदरात, आणि दुसऱ्यांसाठी गाणी लिहिणारी ही बाई आता स्वतः पियानोवर बसून गात होती. लय जवळजवळ निम्म्यावर आणली आहे, गाणं चार मिनिटांच्या वर जातं. साथीला जोनी मिचेल आणि जेम्स टेलर या गायकांचे आवाज आहेत, तेही अगदी दबके. शिरेल्समध्ये जो ई मेजर निसटून जातो, तो इथे पियानोवर पूर्ण उमलतो. शिकणाऱ्याला म्हणूनच हे व्हर्जन सोयीचं: प्रत्येक कॉर्ड कानाला सापडतो, आवाजाला फार पल्ला लागत नाही, आणि किंग कुठेही गळ्याची करामत दाखवत नाही.

पण इथे मुलगी उरलेली नाही. विचारणाऱ्या बाईला उत्तर काय येऊ शकतं हे माहीत आहे. 'टॅपेस्ट्री' १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता, त्यामुळे पुष्कळ लोकांनी गाणं आधी याच रूपात ऐकलं आणि ते विरहगीत आहे असं मनाशी धरलं. ते विरहगीत नाही. अजून काहीच बिघडलेलं नाही, सगळं त्या रात्रीवर टांगलेलं आहे. एवढ्यासाठीच मी शिरेल्स आधी ऐकायला सांगते.

गायिका रोबर्टा फ्लॅकने १९७१ मध्येच 'क्वाएट फायर' या अल्बममध्ये हे गाणं घेतलं आणि आणखी संथ केलं. श्वासावरचा ताबा शिकायचा असेल तर यासारखा धडा नाही. तरी हे गाणं म्हणून मला ते लागत नाही. इतक्या ठाम, शांत आवाजाला उद्याची भीती आहे हे पटत नाही. गायिका डस्टी स्प्रिंगफील्डचं १९६४ चं मूळच्या जवळ जातं, आवाज अर्थातच मोठा.

गायिका एमी वाइनहाऊसची गोष्ट वेगळी. तिने हे २००४ मध्ये 'ब्रिजेट जोन्स'च्या दुसऱ्या चित्रपटासाठी गायलं. ती जुलै २०११ मध्ये गेली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात 'लायनेस' या संग्रहात निर्माता मार्क रॉन्सनने केलेल्या भरगच्च मांडणीत ते पुन्हा आलं. ती ठेक्याच्या मागे रेंगाळते, ओळीचा शेवट वाकवते, एखादा शब्द गिळून टाकते. ऐकायला ते विलक्षण आहे. नक्कल करायला मात्र घातक, कारण तो रेंगाळ तिच्या गळ्यात जॅझमधून मुरलेला होता. उसना घेतला की नुसती ओढाताण ऐकू येते.

पुरुषांनीही गायलंय: फोर सीझन्स या गटाने १९६८ मध्ये, डेव्ह मेसन १९७८ मध्ये, ब्रायन फेरी १९९३ मध्ये. पहिली दोन मी एकदा ऐकून सोडून देईन. फेरीचं ठेवण्यासारखं आहे. तो हा प्रश्न असा गातो, जणू त्याला तो आजवर बऱ्याच जणींनी विचारलाय आणि आता पहिल्यांदाच स्वतः विचारायची पाळी आलीय. पुरुष गायकाने स्टेजवर घ्यायचं तर याच वाटेने जावं.

स्टेजचं निघालंच आहे तर: मागे उभ्या राहायला दोन-तीन मैत्रिणी असतील तर शिरेल्सचं बसवा आणि लय जराही उतरू देऊ नका. कोरस एकत्र बसायला तालीम लागेल, मुख्य आवाजापेक्षा जास्त. एकटीने, पियानोवर किंवा गिटारवर गायचं असेल तर किंग. दोन्हींची सरमिसळ, म्हणजे जलद ठेका धरून वर हुंदके देणं, टाळा. आणि कराओके ट्रॅक विकत घेताना नावावर जाऊ नका, सुरुवातीचे काही सेकंद ऐका. ठेका लगेच सुरू झाला तर तो ट्रॅक शिरेल्सच्या घराण्यातला, नुसता पियानो आला तर किंगच्या.