हॉस्टेल, कॉट की फ्लॅट? पुण्यात पहिलं वर्ष काढणाऱ्यांसाठी

जुलै उजाडला की आमच्या बार्शीकडून फोन सुरू होतात. "पोराला पुण्यात ॲडमिशन मिळाली, राहायचं कुठं बघायचं?" यंदा फोन सख्ख्या ताईचाच होता. भाचीला डेक्कनजवळच्या एका कॉलेजात बीएस्सीला प्रवेश मिळालाय आणि घरात तीन मतं आहेत. दाजींना हॉस्टेल हवंय, ताईला कुणातरी आजींच्या घरात कॉट, म्हणजे भाड्याची खाट, आणि भाचीला मैत्रिणींबरोबर फ्लॅट. मी या तिन्ही ठिकाणी राहिलोय. पहिल्या वर्षी हॉस्टेलला नंबर लागला नाही म्हणून सदाशिव पेठेत कॉट, दुसऱ्या वर्षी हॉस्टेल, तिसऱ्या वर्षी धनकवडीत चौघांत फ्लॅट.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "विद्यापीठाचं हॉस्टेल आहे ना?" असं सगळेच विचारतात. आहे, पण गणेशखिंडीच्या आवारातली ती वसतिगृहं मुख्यतः विद्यापीठाच्या विभागांत शिकणाऱ्यांसाठी, म्हणजे बहुतेक एमए-एमएस्सी आणि पीएचडीवाल्यांसाठी. बीए-बीएस्सी-बीकॉमवाल्याची पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची असली, तरी त्याचं राहणं-खाणं कॉलेजच्या भरवशावर. कॉलेजच्या हॉस्टेलात खाटा कमी आणि अर्ज ढीगभर. प्रवेश झाला म्हणजे हॉस्टेल मिळालं असं धरून चालू नका. तो अर्ज वेगळा, यादी वेगळी, फी वेगळी.

हॉस्टेल मिळत असेल तर पहिल्या वर्षी डोळे झाकून घ्या, हे माझं मत. नियमांची कटकट आहे. गेट ठरल्या वेळेला बंद होतं, मुलींच्या हॉस्टेलात तर जास्तच लवकर. बाहेर राहायचं तर रेक्टरची सही, वर स्थानिक पालकाचं पत्र. मे महिन्यात बऱ्याच ठिकाणी खोली रिकामी करून गादी-बादलीसकट घरी जावं लागतं. पण पहिल्या सत्रात तुमच्या डोक्याला खरा ताप असतो तो वेगळाच. कुठला विषय घ्यायचा, प्रॅक्टिकलची बॅच कुठली, अंतर्गत गुण कशाचे, जर्नल कुणाकडून तपासून घ्यायचं. कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून मेजर-मायनरचा, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयांचा, घोळ त्यात वाढलाय. या सगळ्याची उत्तरं नोटीस बोर्डावर कमी आणि शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाकडे जास्त असतात. फ्लॅटमध्ये चौघेही नवखे असले की चौघेही एकाच खड्ड्यात.

रॅगिंगची भीती ताईने काढलीच. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) नियम २००९ चे आहेत, आणि १८००-१८०-५५२२ हा देशभराचा मोफत क्रमांक आहे. तो मोबाइलमध्ये ठेवा. माझ्या वाट्याला 'इंट्रो'च्या नावाखाली गाणं म्हणणं आलं. पण गाण्यावरून पुढं सरकायला लागलं, तर गप्प बसायचं कारण नाही.

आता कॉट. पुण्याबाहेरच्यांना हा शब्दच नवा असतो. सदाशिव, नारायण, शनिवार, नवी पेठ इथं वाड्यात नाहीतर जुन्या इमारतीत एका खोलीत तीन-चार खाटा टाकतात आणि भाडं खोलीचं नाही, खाटेचं. कपाटाचा एक कप्पा तुमचा, खिळा एक. फायदा उघड आहे. डिपॉझिट कमी, भांडीकुंडी नको, आणि पेठेतून डेक्कन-टिळक रोड परिसरातली बरीचशी कॉलेजं पायी गाठता येतात. रोजचा तास-दीड तास वाचतो, आणि हजेरी ७५ टक्के भरायची असते तेव्हा तो तासच कामाला येतो.

तोटा राहून बघितल्याशिवाय कळत नाही. माझ्या खोलीत आम्ही चौघं. मी अठरा वर्षांचा, बाकीचे तिघे पंचविशी ओलांडलेले, एमपीएससी करणारे. पहाटे साडेपाचला उठून अभ्यासिकेत जायचे, रात्री अकराला यायचे. माणसं फार चांगली. माझी परीक्षा आली की दिवा माझ्यासाठी चालू ठेवायचे. पण त्यांच्या भिंतीवर प्रिलिमपर्यंतचे दिवस मोजणारा कागद होता आणि बोलणं सगळं कट-ऑफचं. गॅदरिंगच्या दिवशी नवा शर्ट घालून निघालो तर एकजण म्हणाला, "मजा कर, पुढं नसते." गंमतीतच म्हणाला, पण पायऱ्या उतरताना मला तो शर्ट उगाच घातल्यासारखा वाटला. पहिल्या वर्षाच्या पोराला त्याच्याच वयाची माणसं हवीत. कॉटवर ती मिळतीलच असं नाही. म्हणून खोली बघायला जाल तेव्हा खाटेखाली ट्रंक मावते का एवढंच बघू नका, बाकीच्या खाटांवर कोण झोपतं तेही विचारा.

आणि गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं ते विचारा. आमच्याकडे साडेसहापर्यंत, एक बादली. सहा बत्तीसला गेलात तर तीच बादली, कोमट.

जेवण. हॉस्टेलला मेस असते, कॉटवाल्याला ती 'लावावी' लागते, फ्लॅटवाले डबा लावतात नाहीतर स्वतः करतात. मेस लावताना दर सगळेच विचारतात, खाड्यांचं कुणी विचारत नाही. खाडा म्हणजे जेवायला न आल्याची मोजणी. महिन्यात किती खाडे वजा होतात, किती दिवस आधी सांगावं लागतं, सलग गावी गेल्यावरच धरतात का, हे पैसे भरण्याआधी ठरवून घ्या. दिवाळीला दहा दिवस घरी जाऊन आल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. बहुतेक मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे गोडाधोडाचं जेवण, आणि संध्याकाळी बंद. पुण्यातलं पहिलं वर्ष मला आठवतं ते या रविवार संध्याकाळींनी. दुपारची जिलेबी जड झालेली, खोलीत कुणी नाही, घरी फोन करून झालेला, आणि आठ वाजता भूक. हॉस्टेलात त्या वेळी कुणीतरी दार वाजवतं, "अंडाभुर्जी खायला चाललोय, येतो का?" कॉटवर मी वडापाव आणून खाल्ला, सलग बरेच रविवार. भाड्याचे आकडे कागदावर मांडताना ही संध्याकाळ त्यात धरत चला.

फ्लॅटचं स्वप्न सगळ्यांनाच पडतं. कोथरूड, कर्वेनगर, वारजे, धनकवडी, कात्रज या भागांत विद्यार्थ्यांना फ्लॅट मिळतात. 'बॅचलर्स नकोत' ही पाटी वाचायची सवय मात्र ठेवा. भाड्याला चारने भागलं की आकडा हॉस्टेलच्या आसपास येतो आणि पोरं खूश होतात. मग डिपॉझिट, एजंटचं एक महिन्याचं भाडं, गॅस, लाइट बिल, वायफाय, स्वयंपाकाच्या मावशी, आणि पहिल्या महिन्यातच घ्यावी लागणारी झाडू ते कुकरपर्यंतची खरेदी. त्यातून सत्राच्या मध्येच एकजण सोडून गेला की त्याचा वाटा उरलेल्या तिघांवर. आमच्यातला एक नोव्हेंबरात गेला. फ्लॅट सोडताना मालकाने रंगकामाच्या नावाखाली अर्धं डिपॉझिट कापलं, आणि राहायला गेलो त्या दिवशीच्या भिंतींचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. तुम्ही काढा. नळ, खिडक्या, पंखे, सगळ्याचे, आणि मालकाला त्याच दिवशी पाठवून ठेवा.

कराराचंही तसंच. "अकरा महिन्यांचा आहे, स्टॅम्प पेपरवर सही करू, नोंदणी कशाला?" असं सांगणारे भेटतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखीही हवा आणि नोंदवलेलाही, महिने कितीही असोत. नोंदणी ऑनलाइन होते आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची. कॉटला हे प्रकरण सहसा नसतंच, महिन्याची पावती मिळाली तरी खूप. पण पावती मागाच, कारण ती पुढं शिष्यवृत्तीला लागू शकते.

पैशांची ओढाताण असेल तर वरचं सगळं वाचण्याआधी सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला तिथं प्रवेश मिळाला नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये, त्यात ३२,००० भोजनाचे, २०,००० निवासाचे आणि ८,००० निर्वाहाचे. भाड्याने राहत असल्याचा पुरावा तिथं मागतात. मराठा आणि अल्पभूधारक कुटुंबांतल्या मुलांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची चौकशी करावी. शिवाय १९५५ पासून चालणारी विद्यार्थी साहाय्यक समिती आहे. खेड्यातून आलेल्या गरजू मुलामुलींसाठी तिची वसतिगृहं आहेत. तिथं मुलाखत होते आणि राहताना कामही करावं लागतं. विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची 'कमवा व शिका' योजना कॉलेजांतूनही चालते. प्राचार्यांच्या कार्यालयात विचारायला लाजू नका.

भाचीचं काय झालं? हॉस्टेलच्या पहिल्या यादीत नाव नाही, प्रतीक्षा यादीत अकरावी. फ्लॅटच्या मैत्रिणी अकरा महिन्यांचा करार करायला निघाल्या होत्या, तिला मी अडवलं. दर वर्षी काहीजण इंजिनिअरिंगच्या फेऱ्यांत नंबर लागून कॉलेज सोडतात आणि ऑगस्टमध्ये हॉस्टेलची यादी हलते. तोवर महिन्याच्या बोलीवर नारायण पेठेत कॉट घेतली, डिपॉझिट एका महिन्याचं, पावतीसकट. खोलीतल्या दुसऱ्या दोघी बीएस्सीच्याच, एक लातूरची, एक संगमनेरची. काल फोन आला, "मामा, यादी हलली, मी चौथी आहे. पण आता मला हॉस्टेल नको वाटतंय."

रविवारी तिघी रात्री काय जेवल्या, एवढंच मी तिला विचारलं. म्हणाली, मुगाची खिचडी, घरमालकिणीच्या कुकरमध्ये. मग मी ताईला फोन लावला.