स्विच लाइट की स्टीम डेक?

देवगडहून भाच्याचा फोन आला, "मामा, शेतीचे आणि आरपीजी (एखादं पात्र होऊन लांबलचक गोष्ट खेळायचे) गेम खेळायचेत, हातात धरून गेम खेळायच्या स्विच लाइट आणि स्टीम डेक या दोन यंत्रांतलं कुठलं घेऊ?"

आधी वीज बघ. आपल्याकडे पावसात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही. २७५ ग्रॅमचा स्विच लाइट साध्या पॉवर बँकवर चार्ज होतो. ६६९ ग्रॅमच्या, एलसीडी पडद्याच्या स्टीम डेकला मात्र ४५ वॉटचा चार्जर लागतो, आणि जड गेम लावला तर दोनेक तासांत बॅटरी संपते. पडवीत आडवं पडून खेळताना हे वजन मनगटाला जाणवतं.

खर्चाचं गणित उलटं आहे. यंत्र लाइटचं स्वस्त, पण डेकचे गेम स्टीम या ऑनलाइन दुकानात रुपयांत मिळतात, सेलही वरचेवर असतात. शेतीचा 'स्टारड्यू व्हॅली' दोन्हीकडे चालतो. पोकेमॉन हवा असेल तर लाइटच.

खारी हवा दोघांनाही वाईट. झिपच्या पिशवीत सिलिका जेल घालून ठेव. लाइटचे कंट्रोलर सुटे होत नाहीत, स्टिक बिघडली की अख्खं यंत्र दुरुस्तीला. टीव्हीलाही तो जोडता येत नाही.

एसटीत, माळ्यावर, फक्त शेती आणि पोकेमॉन खेळणार असलास तर लाइट घे. घरीच बसून शेकडो तासांचे आरपीजी खेळणार असशील तर डेकसाठी पैसे साठव.