दोन ड्रमर, एक बेस: वाशीतील मैफलीची ध्वनिव्यवस्था

वाशीतील मैदानावर झालेल्या या मैफलीत दोन ड्रमर आणि एक बेस गिटार असा संच होता. वादन कसदार होते, परंतु पूर्वार्धात ध्वनिव्यवस्थेने बेस अक्षरशः गिळून टाकला. चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्‌झचा असतो आणि किक ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, दणकाही बहुतांशी १०० हर्ट्‌झच्या खालीच राहतो, त्यामुळे दोन किक एकाच वेळी वाजू लागले की बेसला तिथे जागा उरत नाही. मिक्सरवर बसलेल्या तंत्रज्ञाने केवळ बेसचा आवाज चढवला, आणि त्यातून निव्वळ घुमारा वाढला.

मध्यंतरानंतर चित्र पालटले. दोन्ही किकचा खालचा भाग कमी करून बेसचा ७०० ते १००० हर्ट्‌झच्या आसपासचा भाग उचलला गेला असावा, कारण तारेवर बोट पडल्याचा टणत्कार आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणारी घसीट स्पष्ट ऐकू येऊ लागली. हा भाग खरोखर श्रवणीय होता.

किंग क्रिम्झन या ब्रिटिश रॉक बँडने २०१४ पासून तीन ड्रमर मंचावर पुढे बसवले होते. म्हणजे अनेक ड्रमर हा काही मुळात दोष नव्हे.

सबवूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारे मोठे स्पीकर, मंचाच्या दोन्ही टोकांना असल्याने मधल्या रेषेत बेस भरीव लागतो, तर बाजूला काही जागी दोन्हीकडच्या लहरी एकमेकींना छेदून तो जवळजवळ नाहीसा होतो. त्या जागांचे तिकीट मधल्या रांगांच्याच दराने विकणे मला अन्यायाचे वाटते.