खडी क्रशरची जॉ प्लेट: १४ टक्के मँगनीजची घ्यावी की १८ टक्क्यांची?

नवी जॉ प्लेट (क्रशरच्या जबड्यात दगड चिरडणारी पोलादी पाटी) दाखवताना विक्रेता 'पाचशे हार्डनेस आहे' म्हणाला, तर ती तिथेच ठेवून पुढच्या दुकानात जावं. अस्सल मँगनीज पोलादाची नवी प्लेट मऊच असते, साधारण २०० ब्रिनेल (कडकपणाचं माप). दगडाचा मार बसत गेला की वरचा काही मिलिमीटरचा थर ५०० च्या आसपास जातो आणि आतला गाभा चिवट राहतो. म्हणून ती खड्डेही कमी खाते आणि तडकतही नाही. रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ मध्ये इंग्लंडात शेफील्डला शोधलेल्या या धातूची करामत ती एवढीच. रेल्वेच्या क्रॉसिंगलाही तोच वापरतात. तिथे काही वेळा रुळात बसवण्याआधीच स्फोटकांनी ठोकून पृष्ठभाग कडक करून घेतात. क्रशरमध्ये ते काम दगडानेच करायचं असतं.

बाजारात मुख्यतः दोन माल मिळतात. '१४ टक्के' म्हणजे ११ ते १४ टक्के मँगनीज आणि एक टक्क्याहून थोडा जास्त कार्बन. '१८ टक्के' मालात बहुधा २ टक्के क्रोमियमही असतं. १६ बाय ९ किंवा २० बाय १२ इंच तोंडाच्या लहान क्रशरला १४ टक्के पुरते, १८ वर पैसे घालू नयेत. ३० बाय २० पासून पुढे, पोकलेनने फोडलेला काळा बेसाल्ट थेट तोंडात पडत असेल तर हिशेब उलटतो. तिथे १४ च्या प्लेटचे दात चेपून खाली वाहतात, कारण कडक होण्याआधीच धातू आकार सोडतो. क्रोमियममुळे १८ ची प्लेट आकार जास्त धरते. जाडी मोठी असेल तर जादा मँगनीजचा ओतकामातही फायदा होतो.

माती-मुरूम मिसळलेला बारीक माल असेल तर मात्र दोन्ही निरुपयोगी. तो मारत नाही, नुसता घासतो, त्यामुळे प्लेट कडक व्हायच्या आतच झिजते. अशा जागी महाग प्लेटपेक्षा फीडरवर ग्रिझली (जाड पट्ट्यांची चाळण) लावून बारीक आधीच गाळलेलं बरं.

दुकानात चुंबक खिशात ठेवा, अस्सल मँगनीज पोलादाला ते चिकटत नाही. ओतीव कातडीवर किंचित ओढ जाणवली तर घाबरू नका. कोपरा थोडा घासून पुन्हा लावा. तरीही चिकटलं तर माल नको. आयएस २७६ (मँगनीज पोलादाच्या ओतीव मालाचं भारतीय मानक) प्रमाणपत्रासोबत उष्णोपचाराची नोंदही मागा: साधारण १०५० अंशांवरून थेट ढवळत ठेवलेल्या पाण्यात. पाण्यात टाकायला उशीर झाला की कार्बाइड (कार्बनचं ठिसूळ संयुग) धातूच्या कणांच्या सीमांवर साचतं आणि प्लेट काचेसारखी फुटते. 'फार कडक होती म्हणून तुटली' असं सांगतात, त्यातल्या बऱ्याच प्लेटा अशाच बिघडलेल्या असतात.

बसवताना पाठ सपाट आहे का ते पट्टी लावून बघा. पोकळी राहिली तर प्लेट प्रत्येक ठोक्याला लवते आणि मागची बैठक खाते; बैठकीचा खर्च प्लेटच्या कितीतरी पट. पहिल्या काही तासांनी प्लेट धरणाऱ्या वेज (पाचरी) पुन्हा आवळा, दुसऱ्या दिवशी परत एकदा. माराने धातू पसरतो, म्हणून कडेला चीक प्लेटपाशी (बाजूच्या पाटीपाशी) थोडी मोकळी जागा हवी. फुगून आलेली कड ग्राइंडरने वेळेवर काढा. खालचे दात निम्मे झिजले की प्लेट उलटी करा, कारण वरचा भाग तोवर जवळजवळ कोराच असतो. एका प्लेटमागे दोन आयुष्यं मिळतात, आणि तरीही पुष्कळ ठिकाणी ती तशीच चालवून भंगारात टाकतात.

डागडुजी करायची तर कडक झालेला थर आधी घासून काढा, मग मँगनीजचा वेल्डिंग रॉड घ्या. बीड (वेल्डची ओळ) आखूड ठेवा, मध्ये हात टेकवता येईल इतकं थंड होऊ द्या. २६० अंशांवर गेलं की वेल्डच्या शेजारचा धातू ठिसूळ होतो. प्रीहीट (वेल्डआधी तापवणं) अजिबात नको. वाकलेली प्लेट गॅसने तापवून सरळ करणाऱ्याच्या हाती तर ती देऊच नका.